रिस्टार्ट केलं की नेट येतं, मग परत जातं: केबल मोडेम आणि राउटरचा बिघाड शोधायचा कसा

नेट गेलं की घरातलं कुणीतरी उठतं, मोडेमचं बटण बंद करतं, दहापर्यंत मोजतं आणि परत चालू करतं. नेट येतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे महिनोन्‌महिने चालू राहतं, कारण तेवढ्यापुरतं काम भागतं. पण रिस्टार्ट करताना बिघाड ओळखायच्या खुणाही आपण पुसून टाकतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. कुठला दिवा लुकलुकत होता, मोडेम किती वेळ सलग चालू होता, सिग्नलचे आकडे काय होते, सगळं नव्यानं सुरू. मग लाइनमन येतो तेव्हा नेट मस्त चालू असतं आणि तो "आता तर चालतंय" म्हणून निघून जातो.

म्हणून नेट गेलं की आधी बटणाला हात लावू नका. दोन मिनिटं जाऊ देत.

हे सगळं कोएक्सिअल केबलवरच्या नेटबद्दल आहे, म्हणजे टीव्हीची जी जाड वायर घरात येते तिच्यावरूनच चालणाऱ्या नेटबद्दल. ती वायर जिला लागते ती डबी मोडेम, आणि तिथून घरभर वायफाय पसरवणारी डबी राउटर. ठाणे-कळव्यापासून ऐरोली-कोपरखैरण्यापर्यंत जुन्या इमारतींत अशी जोडणी अजून भेटते. तुमच्याकडे फायबर असेल तर मोडेमचा भाग सोडा आणि खाली राउटरपासून वाचा. फायबरच्या डबीवर 'लॉस' नावाचा दिवा लाल झाला असेल, तर घरात करण्यासारखं फारसं काही नसतं. पातळ वायर कपाटामागे दुमडली गेली आहे का तेवढं बघा आणि फोन लावा.

आधी दिवे

केबल मोडेमवर साधारण पाच दिवे असतात: पॉवर, डीएस, यूएस, ऑनलाइन आणि लिंक. कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात, पण क्रम तोच. डीएस (डाउनस्ट्रीम) म्हणजे बाहेरून घरात येणारा सिग्नल, यूएस (अपस्ट्रीम) म्हणजे घरातून बाहेर जाणारा. मोडेम चालू होताना आधी डीएस लुकलुकतो, तो स्थिर झाला की यूएस, मग ऑनलाइन. गाडी जिथे अडली तिथेच बिघाड शोधायचा.

डीएसवरच अडला असेल तर घरापर्यंत सिग्नल पुरेसा येतच नाही. वायरीच्या टोकाची पिन निघालेली असेल, वायर तुटली असेल किंवा इमारतीचा सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर बंद असेल. यूएसवर अडला असेल तर सिग्नल येतोय, पण तुमच्या मोडेमचं म्हणणं पलीकडे पोचत नाही. रोज तुटणाऱ्या जोडणीत बहुतेक वेळा हाच प्रकार निघतो, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय. ऑनलाइन दिवा स्थिर असून नेट नसेल तर बाहेरच्या वायरीच्या मागे लागू नका, राउटरकडे वळा. आणि सगळेच दिवे एकदम विझून परत लागत असतील तर सिग्नलचा संबंधच नाही. अडॅप्टर म्हातारा झालाय किंवा एक्स्टेन्शन बोर्डात प्लग सैल आहे. नवा अडॅप्टर घेताना जुन्यावरचा व्होल्टचा आकडा तंतोतंत तोच हवा. अ‍ॅम्पिअरचा आकडा तेवढाच किंवा जास्त चालेल, कमी चालणार नाही.

किती वाजता जातं?

हा प्रश्न विचारला की बहुतेक लोक म्हणतात, "अहो, कधीही जातं." तसं क्वचितच असतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जिथे दुधाचे खाडे लिहिता, तिथेच नेट गेल्याची वेळ आणि लुकलुकणाऱ्या दिव्याचं नाव लिहा. आठवडाभरात काहीतरी दिसायला लागतं.

पावसाची सर आली की जातं आणि ऊन पडल्यावर तासा-दोन तासांनी आपोआप येतं, तर गच्चीवर किंवा खिडकीबाहेर एखाद्या जॉइंटमध्ये पाणी शिरतंय. भर दुपारी जातं आणि संध्याकाळी सुधारतं, तर उन्हात तापणारा अ‍ॅम्प्लिफायर बघायला सांगा. रात्री नऊ ते अकरा जोडणी तुटत नाही, नुसतं रखडतं, तर एका नोडवर, म्हणजे केबलवाल्याच्या एका वाटप-पेटीवर, घरं जास्त झालीत. त्यावर घरात काही उपाय नाही, केबलवाल्यालाच बोललं पाहिजे. पण आधी खात्री करा की ते रखडणं वायफायचं नाही. त्या वेळेला आख्खी इमारत घरी असते आणि प्रत्येकाचा राउटर बोलत असतो.

रोज ठरलेल्या वेळेला जात असेल तर मात्र मोडेमकडे न बघता विजेच्या बोर्डाकडे बघा. नेरूळच्या एका इमारतीत दोन मजल्यांवर रोज पहाटे नेट जायचं आणि संध्याकाळी दिवेलागणीला यायचं. मोडेम बदलून झाला, राउटर बदलून झाला. शेवटी जिन्यातल्या डबीत डोकावल्यावर कळलं, की छोट्या अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग जिन्याच्या दिव्यांच्या लाइनवर घेतलेला होता. वॉचमन उजाडल्यावर जिन्याचे दिवे बंद करायचा, ते त्याचं कामच होतं. त्याबरोबर दोन मजल्यांचं नेटही बंद व्हायचं. सेक्रेटरींना सांगून वायरमनकडून वेगळा पॉइंट काढून घेतला, विषय संपला. लोकांनी घरात मिनी यूपीएस घेऊन ठेवले होते. पण अ‍ॅम्प्लिफायरलाच वीज नसेल तर तुमच्या मोडेमला वीज असून काय उपयोग?

मोडेमचं स्वतःचं पान

बहुतेक केबल मोडेम आपला अहवाल स्वतःच देतात. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाका, अर्थात इंग्रजी आकड्यांत. राउटर मध्ये असला तरी हे पान साधारणपणे उघडतं. काही केबलवाले ते बंद करून ठेवतात, तेव्हा लाइनमनच्या मीटरवर हेच आकडे बघायला मागा. पानावर बरंच काहीबाही असतं, तुम्हाला चारच गोष्टी हव्यात.

डाउनस्ट्रीम पॉवर: उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्ही (सिग्नलची ताकद मोजायचं माप) असेल तर उत्तम. कागदोपत्री मोडेमला उणे १५ ते अधिक १५ चालतं, पण टोकाला गेलेली लाइन पहिल्या पावसात तुटते. सिग्नल जास्त असणंही वाईटच, हे लोकांना पटत नाही. अधिक १२-१३ दिसत असेल तर कुणीतरी 'ताकद वाढवतो' म्हणून अ‍ॅम्प्लिफायरचा स्क्रू भलताच पिळलाय.

एसएनआर, म्हणजे सिग्नल आणि खरखर यांतलं अंतर: ३३ डीबीच्या वर असलं की निश्चिंत.

अपस्ट्रीम पॉवर: ३५ ते ४८ दरम्यान ठीक. हा आकडा उलटा वाचायचा. मोडेम किती जोरानं ओरडतोय ते तो सांगतो. पलीकडे ऐकू जात नसेल तर पलीकडून "अजून मोठ्यानं" असा निरोप येतो आणि मोडेम आवाज वाढवत जातो. आकडा ५० च्या पुढे गेला की त्याच्या घशाची मर्यादा जवळ आली. त्यानंतर जरा कुठे गंज वाढला की जोडणी तुटलीच.

चौथी गोष्ट म्हणजे इव्हेंट लॉग. त्यात टी३ टाइमआउट आणि टी४ टाइमआउट असे शब्द शोधा. टी३ म्हणजे मोडेमनं हाक मारली आणि उत्तर आलं नाही. टी४ म्हणजे बोलायची पाळी कधी येणार हेच पलीकडून बराच वेळ कळलं नाही. लॉगमध्ये तुरळक टी३ असले तर सोडून द्या. ओळीनं रांग लागली असेल तर मोबाइलवर फोटो काढा, तक्रारीच्या वेळी तो फार कामाला येतो. त्याच पानावर अपटाइमही असतो, म्हणजे मोडेम किती वेळ सलग चालू आहे ते. नेट सकाळपासून चार वेळा गेलं आणि अपटाइम सहा दिवस दाखवतोय, याचा अर्थ मोडेम बंद पडलेला नाही, अडॅप्टर निर्दोष आहे.

पिन, स्प्लिटर आणि तो विसरलेला बूस्टर

इथे लाइनमनशी हमखास वाद होतो. तो येतो, टीव्ही लावतो, चित्र स्वच्छ दिसतं. "काकू, टीव्ही चालतोय ना? मग लाइन ओके आहे. तुमचा राउटर गेलाय." काकू गप्प बसतात, कारण टीव्ही खरंच चालतोय.

टीव्ही चालणं हा नेटच्या लाइनचा पुरावा नाही. टीव्ही फक्त ऐकतो, सेट-टॉप बॉक्सला केबलवरून उलट काही बोलायचं नसतं. मोडेमला दोन्ही दिशा लागतात. आणि परतीचा सिग्नल केबलवर सगळ्यात खालच्या पट्ट्यात, ५ मेगाहर्ट्झपासून वर काही दहा मेगाहर्ट्झपर्यंत चालतो. घरातल्या मोटारींची, स्वस्त चार्जरची, सैल पिनांची खरखर नेमकी याच पट्ट्यात घुसते. त्यामुळे एकाच खराब पिनेवर टीव्ही झकास आणि नेट बेजार, हे अगदी शक्य आहे. लाइनमनला भांडून नाही, पण एवढं विचारा: "दादा, अपस्ट्रीम किती दाखवतोय?" संभाषणाचा सूर बदलतो.

आता हातानं करायची कामं. मोडेमच्या मागची पिन फिरवून काढा. मधली तांब्याची तार पिनेच्या कडेपेक्षा जराशीच पुढे आलेली, सरळ आणि चकचकीत हवी. ती काळी पडली असेल किंवा मुळाशी हिरवट पावडर दिसत असेल तर तोच तुमचा गुन्हेगार. खाडीच्या बाजूला, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी इथे खारी हवा आणि पावसाळ्याचा दमटपणा मिळून हे फार लवकर होतं. ती तार घासून पुसून परत लावू नका. वायर बोटभर कापून नवी पिन बसवायला सांगा, आणि पिन पकडीनं दाबून बसवलेली हवी. नुसती पिळून बसवलेली पिन लवकर सैल होते, आणि घाईत असला की लाइनमन तीच बसवतो. बाहेरच्या जाळीची एखादी बारीक तार मधल्या तारेला टेकत नाही ना, तेही उजेडात बघा.

मग वायर धरून मागे मागे जा. सोफ्यामागे, माळ्यावर, पीओपीच्या आत कुठेतरी स्प्लिटर, म्हणजे एका वायरीच्या दोन-चार वाटा करणारी डबी, सापडेल. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक तोंडावर साडेतीन डीबी जातात, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्तच ताकद. चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये सात. येताना तेवढा सिग्नल कमी होतो आणि परतीला मोडेमला तेवढंच जास्त ओरडावं लागतं. नियम एकच: घरात वायर शिरल्यावर पहिला दोन तोंडांचा स्प्लिटर, एक तोंड थेट मोडेमला, दुसऱ्यावर बाकीचे टीव्ही काय ते बघून घेतील. बंद झालेल्या खोलीच्या टीव्हीची वायर लोंबत ठेवू नका. ती काढा आणि रिकाम्या तोंडावर ७५ ओहमची टोपी बसवा. स्प्लिटरवर ५-१००० मेगाहर्ट्झ असं छापलेलं हवं. ९५०-२४०० असेल तर तो डिशचा आहे, कुणीतरी हाताला लागला म्हणून लावलेला.

वायरीवरचं बारीक अक्षरही वाचा. आरजी-६ हवी. जुन्या घरांत आरजी-५९ असते, ती पातळ असते आणि लांब पल्ल्याला सिग्नल जास्त खाते.

सगळ्यात चकवणारी गोष्ट म्हणजे बूस्टर. पूर्वी टीव्हीला मुंग्या दिसायच्या म्हणून कुणीतरी माळ्यावर छोटा बूस्टर लावून दिलेला असतो. मग टीव्ही बदलला, सेट-टॉप बॉक्स आला, बूस्टर तिथेच राहिला. असले साधे बूस्टर एका दिशेचेच असतात: येणारा सिग्नल वाढवतात आणि जाणारा अडवतात. डाउनस्ट्रीमचे आकडे छान, अपस्ट्रीम टोकाला, असं पान दिसलं की माळ्यावर चढून बघाच. तो मोडेमच्या वाटेतून काढून टाकला की नव्या मोडेमचे पैसे वाचतात.

खिडकीतून आत येणाऱ्या वायरीला आत शिरण्याआधी खाली झोळ असायला हवा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं, भिंतीतून आत येत नाही. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतींत वायरी एका घरावरून दुसऱ्या घरावर जातात, तिथे तर हे पहिल्यांदा बघावं. मात्र पाऊस-विजांमध्ये गच्चीवर जाऊन स्वतः जॉइंट उघडू नका. आणि पिनेला हात लावताना झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा. कुठल्यातरी उपकरणाची वीज केबलच्या जाळीवर उतरलीये. ते केबलवाल्याचं आणि वायरमनचं मिळून काम आहे.

ऑनलाइन दिवा स्थिर, तरी नेट नाही

आता राउटर. लॅपटॉप थेट मोडेमला लॅन केबलनं जोडून बघा. इथे मात्र मोडेम बंद-चालू करावाच लागतो, कारण बहुतेक केबल मोडेम चालू झाल्यावर पहिलं जे यंत्र दिसेल त्यालाच धरून राहतात. राउटर काढून लॅपटॉप लावला आणि नेट आलं नाही, म्हणून मोडेमला दोष देण्यात अर्थ नाही. थेट जोडल्यावर नेट दिवसभर टिकलं तर बिघाड राउटरचा.

वीज गेल्यानंतरच नेट येत नसेल तर आणखी एक गंमत असते. वीज आली की मोडेम आणि राउटर एकदम उठतात. मोडेम ऑनलाइन व्हायला वेळ घेतो, तोवर राउटरला तात्पुरता १९२.१६८.१००.१० सारखा पत्ता देऊन ठेवतो. काही राउटर तोच कवटाळून बसतात. राउटरच्या पानावर वॅनचा (म्हणजे मोडेमकडच्या बाजूचा) पत्ता असा दिसला तर फक्त राउटर बंद-चालू करा. मोडेम आधी, त्याचा ऑनलाइन दिवा स्थिर झाला की मग राउटर, हा क्रम घरात सगळ्यांना माहीत असू दे.

घरात दोन राउटर असतील तर माझा संशय आधी तिकडेच जातो. आतल्या खोलीत रेंज नाही म्हणून मुलगा जुना राउटर काढतो, लॅनच्या भोकातून लॅनच्या भोकात वायर लावतो, आणि चालतं! पण दोघेही पत्ते वाटत बसतात. एका फोनला पहिल्या राउटरकडून बरोबर वाट कळते, दुसऱ्याला जुन्याकडून चुकीची. मग "आईच्या फोनवर चालतं, माझ्यावर नाही, थोड्या वेळानं उलट" अशी तक्रार सुरू होते आणि दोन्ही राउटर रिस्टार्ट केले की काही तास बरं वाटतं. उपाय: जुन्या राउटरमध्ये जाऊन डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायची सोय, बंद करा आणि त्याचा स्वतःचा पत्ता बदला. नवा १९२.१६८.१.१ वर असेल तर जुना १९२.१६८.१.२ करा. ज्या राउटरमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड आहे, तिथे तेवढं एक बटण पुरतं.

व्हॉट्सअ‍ॅप चालतं पण वेबसाइट उघडत नाहीत, असं असेल तर डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलून बघा. राउटरमध्ये ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाका.

राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून फॅक्टरी रिसेट करा, असा सल्ला कुणीही देतं. तो मी कधीच देत नाही. सगळी सेटिंग पुसली जातात, लॉगिनचं नाव-पासवर्ड लागणारी जोडणी असेल तर ते कुणाला आठवत नसतं, आणि मूळ बिघाड वायरीत असेल तर तो तसाच राहतो.

वायफाय

थोडक्यात. मोडेमशेजारी उभं राहून चांगलं आणि बेडरूममध्ये वाईट, तर नेटचा दोष नाही. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान, पण काँक्रीटची एक-दोन भिंत ओलांडताना दमतो. २.४ लांब जातो, पण घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये बसलात तर त्यात शेजाऱ्यांचे राउटर खच्चून भरलेले असतात. त्यात १, ६ किंवा ११ यापैकीच चॅनल घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ३ किंवा ४ असे मधले आकडे घेतलेत तर दोन्हीकडचा गोंधळ ऐकावा लागतो. राउटर टीव्हीमागे, लोखंडी कपाटावर किंवा फिश टँकशेजारी ठेवू नका.

आणि प्लॅन २०० एमबीपीएसचा असून लॅनवर बरोबर ९४ च्या आसपास अडकत असेल तर केबलमधल्या आठ तारांपैकी चारच जोडल्यात किंवा राउटरचं भोकच १०० चं आहे. वायर बदलून बघा, शंभर-दोनशे रुपयांचं काम असतं.

तक्रार करताना

"नेट चालत नाही" एवढंच सांगू नका. "ऑनलाइन दिवा रोज रात्री आठनंतर लुकलुकतो, अपस्ट्रीम ५२ आहे, लॉगमध्ये टी३ आहेत, राउटर काढून थेट जोडलं तरी तेच" असं सांगा आणि फोटो पाठवा. समोरचा माणूस मग रिस्टार्ट करायला सांगत नाही. प्रत्येक तक्रारीचा डॉकेट नंबर, म्हणजे तक्रार क्रमांक, मागून कॅलेंडरवर लिहा. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या ग्राहक तक्रार निवारण नियमांप्रमाणे तो देणं बंधनकारक आहे, आणि दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाताना तोच नंबर लागतो.

लाइनमननं काम केलं की तो चपला घालायच्या आत मोडेमचं पान परत उघडा. अपस्ट्रीम ५२ वरून ४४ वर आला असेल तर चहा द्या. तिथेच असेल तर जिन्यातली डबी उघडायला लावा.